पालथं वजन

एकोणतीस वर्षं मी वजनं पालथी करून पाहिली.
दाणाबंदर, मशीद, लालबागची मिरचीगल्ली.
दुकानदार चहा सांगायचा,
मी आधी पाच किलोचं लोखंड उलटं करायचो.
त्याच्या पोटात शिसं, शिशावर सरकारी शिक्का.
कुणी शिसं खरवडून लाख भरायचे, कुणी भुसा,
वरून काळा रंग, नव्यासारखा.
फरशीवर ठेवलं की कळायचं.
पोकळ लोखंड जरा जास्तच बोलतं.

मार्गशीर्षात बादली उचलताना
पाठीत बारीकसं काही मोडलं,
वाळल्या काटकीवर कावळा बसावा, तेवढंच.
उसण असेल म्हणालो. शेक घेतला.
मग लेंगा जमिनीला टेकायला लागला.
खेतवाडीतल्या गजाभाऊ शिंप्याला दम दिला,
लेंगा वाढतो कसा?
तो सुई दातात धरून म्हणाला,
साहेब, कापड आटतं. वाढत नाही.

परळला भिंतीशी उभं करून मापलं.
साडेचार सेंटिमीटर कमी.
मंगळदास मार्केटात एकाला
मीटरमागे एवढ्याच घटीसाठी
मी कोर्टात उभं केलं होतं.

वजन मात्र चौसष्ट.
निवृत्तीच्या दिवशी चौसष्ट, काल चौसष्ट.
लग्नाकार्यात पोट सुटलेल्या साडूंना
हा आकडा मी ऐकवत आलो.

यंत्रावर फिलोमिना डिमेलो नावाची मुलगी होती.
अंकल, हलायचं नाही.
वरून एक दांडा सरकत गेला, न शिवता.
पडद्यावर राखाडी धुकं आणि त्यात मी,
भिजल्या वर्तमानपत्रासारखा.
तिनं चौसष्टाची फोड करून दिली:
चरबी इतकी, स्नायू इतका,
हाडं दोन किलोला ऐंशी ग्रॅम कमी.
मांड्यांतून गेलेलं पोटाशी येऊन बसलं होतं.
बेरीज चोख.
आतला माल बदललेला.

डॉक्टर दस्तूर कागद वाचत होते.
टेस्टोस्टेरॉन उतरलंय, ते वयानं उतरतंच.
पण पुरुषाचं हाड खरं सांभाळतं ते इस्ट्रोजेन.
बायकांचं?
तुमचंही. त्याच्यातूनच थोडं थोडं बनतं,
बरंचसं चरबीतच.
मग चरबी चांगली की वाईट?
ते हसले. पोटावरची नाही. मांडीचं मांस हवं होतं.

मला सरळ उत्तरांची सवय.
काटा इकडे, नाही तर तिकडे.

कुमुदचं मनगट अठ्ठावन्नाव्या वर्षी
स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मोडलं.
मी शेजाऱ्यांना सांगितलं, बायकांचं दुखणं.
ती खडूसारखी गोळी दुधाबरोबर घ्यायची,
अर्धा कप माझ्याकडे सरकवायची,
मी पेपरातून डोकं न काढता परत सरकवायचो.
मांदेली कुरकुरीत तळून काट्यांसकट वाढायची.
मी काटे ताटाच्या कडेला रांगेत लावायचो,
पंचनाम्यासारखे.
ती गेली त्याला सहा वर्षं झाली.
आता कळतं, चिमूटभर बाई
माझ्याही हाडांत होती जन्मभर,
ओळख न दाखवता
मला उभं धरून.

आठवड्याला एक गोळी, उपाशीपोटी,
नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
त्या अर्ध्या तासात मी गॅलरीत असतो.
डॉक्टर म्हणाले, वजन उचला, हळूहळू,
पाठ वाकवू नका.
घरात दोन एककिलो आहेत, जुनी,
कुमुद लोणच्याच्या बरणीवर ठेवायची.
एक उजव्या हातात, एक डाव्या.
सात वेळा. काल आठ.
समोरच्या इमारतीतला पोरगा बघतो,
म्हाताऱ्याला काय झालंय.

उचलण्याआधी पालथी करून बघतो,
ती सवय जात नाही.
शिसं जागेवर आहे.
शिक्का पुसट झालाय, सालातला
शेवटचा आकडा चष्म्यानंही लागत नाही.
सात असेल. किंवा एक.